पिठाच्या पाण्यापासून सर्पसत्रापर्यंत: धर्मकथांतली माणसं हिंसेपर्यंत कशी पोचतात?

कुणीतरी काहीतरी बोललं, कुणाच्या तरी भावना दुखावल्या आणि त्यावरून दगडफेक झाली, की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक: ‘सगळ्या धर्मग्रंथांत मारामारीच भरलेली आहे, दुसरं काय होणार?’ दुसरं: ‘आमच्या ग्रंथांत तसलं काही नाहीच, ते सगळं रूपक आहे.’ बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ग्रंथ उघडून पाहिलेला असतो कोण जाणे.

उघडला, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. या कथा ‘अमक्याने तमक्याला मारलं’ एवढं सांगून पुढे जात नाहीत. मारणाऱ्याला आधी कोण काय बोललं होतं, तो रात्री का झोपू शकला नाही, त्याने स्वतःची समजूत कशी घातली, हे सगळं त्यांत असतं. हिंसेमागचं मन तपासायचं तर एवढी जुनी आणि एवढी तपशीलवार सामग्री दुसरीकडे मिळणं कठीण. म्हणून महाभारतातली एकच साखळी घेऊ आणि तिच्या एकेका कडीवर मानसशास्त्रज्ञ काय म्हणतात ते पाहू.

सुरुवात एका वाटीपासून

द्रोणांचं घर गरिबीचं. श्रीमंतांची मुलं दूध पितात हे पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. द्रोणांनी गाय मिळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग पोराला पिठाचं पाणी मिळालं. आपल्याकडे गोष्ट सांगताना ते पीठ कालवणारी आई असते; आदिपर्वाच्या प्रचलित पाठात इतर मुलंच त्याला ते पाजून फसवतात. पोरगं ‘मी दूध प्यायलो’ म्हणत नाचू लागलं आणि भोवतीची मुलं खदाखदा हसली.

द्रोणांना भूक सोसवत होती, ते हसू सोसवलं नाही. ते बालमित्राकडे, पांचालांचा राजा झालेल्या द्रुपदाकडे गेले. शिकत असताना याच द्रुपदाने ‘मी राजा झालो की माझं राज्य तुझंही’ असं म्हटलं होतं. आता तो म्हणाला की मैत्री बरोबरीच्यांत होते, राजाचा मित्र राजाच असतो. द्रोण काही न बोलता निघाले, हस्तिनापुरात गुरू झाले आणि शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून त्यांनी जिवंत द्रुपद मागितला. बांधून आणलेल्या द्रुपदाला त्यांनी त्याचंच वाक्य परत ऐकवलं: राजाचा मित्र राजाच असतो ना, मग अर्धं राज्य मी ठेवतो, म्हणजे आपण बरोबरीचे.

द्रोणांच्या लेखी हिशेब इथे मिटला. द्रुपदाच्या लेखी तो इथे सुरू झाला. द्रोणांना मारणारा मुलगा मिळावा म्हणून त्याने यज्ञ केला, त्यातून धृष्टद्युम्न जन्मला. युद्धाच्या पंधराव्या दिवशी, ‘अश्वत्थामा मेला’ हे ऐकून शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणांचं मस्तक त्याने कापलं. आणि अठराव्या दिवसाच्या रात्री अश्वत्थाम्याने झोपलेल्या धृष्टद्युम्नाला लाथांनी तुडवून मारलं.

पण अपमान तर सगळ्यांचाच होतो

खरं आहे. रोज हजारो माणसं पाणउतारा सोसतात आणि घरी येऊन जेवून झोपतात. मग काही जणच का पेटतात?

बराच काळ असं मानलं जायचं की हिंसक माणूस आतून स्वतःला कमी लेखत असतो. रॉय बाउमायस्टर आणि ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना निबंध लिहायला लावला, काहींना तो अत्यंत अपमानास्पद शेऱ्यासह परत दिला आणि मग एका खेळात शेरा देणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा दिली. सर्वांत जोराचा आवाज सोडणारे स्वतःला कमी समजणारे नव्हते. स्वतःबद्दल फार मोठी कल्पना असलेले आणि तिलाच धक्का बसलेले विद्यार्थी त्यात पुढे होते.

कानातला आवाज आणि हातातली तलवार यांत अंतर आहे, हे मान्य. तरी महाभारतातली नावं आठवून पाहा. द्रुपद, द्रोण, दुर्योधन, कर्ण, अश्वत्थामा. यांतला कुणीही स्वतःला क्षुद्र मानणारा नाही. ‘मी इतका मोठा, आणि मला असं?’ ही ठिणगी प्रत्येकाच्या गोष्टीत सापडते.

‘मी फक्त परतफेड केली’

साखळीतला प्रत्येक जण आपण फक्त बरोबरी साधली असं म्हणतो. मग प्रत्येक फेरीला घाव मोठा कसा होत जातो? हसण्याला उत्तर अर्धं राज्य, राज्याला उत्तर मस्तक, मस्तकाला उत्तर अख्खी छावणी.

याचं एक उत्तर फारच साध्या प्रयोगातून मिळालं. २००३ मध्ये सुखविंदर शेरगिल आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी दोन-दोन माणसांना समोरासमोर बसवलं. एकाने दुसऱ्याच्या बोटावर दाब द्यायचा, दुसऱ्याने तेवढाच दाब परत करायचा, इतकीच सूचना. समोरच्याला काय सांगितलं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही फेऱ्यांतच दाब झपाट्याने चढत गेला, दर खेपेला एक तृतीयांशाहून जास्त. दोघेही खोटं बोलत नव्हते. आपण स्वतः लावलेली ताकद मेंदूला मुळातच कमी जाणवते आणि समोरून आलेली पुरेपूर जाणवते.

मनाचंही तसंच. गावात बांधावरून भांडण असलं की दोन्ही शेतकरी शपथेवर सांगतात की समोरच्याने आपला बांध कोरला. आपला नांगर कधी एक सरी पलीकडे गेला होता हे दोघांच्याही स्मरणात नसतं. बाउमायस्टर यांनीच १९९० मध्ये काही लोकांना दोन आठवणी लिहायला सांगितल्या: कुणी तुम्हाला दुखावलं ती, आणि तुम्ही कुणाला दुखावलं ती. दुखावले गेल्याच्या गोष्टी लांबलचक होत्या, त्यांचे परिणाम अजून चालू होते. दुखावल्याच्या गोष्टी आटोपशीर, ‘त्या वेळी तसं झालं खरं, पण त्यालाही कारण होतं’ अशा वळणाच्या आणि केव्हाच संपलेल्या. लिहिणारी माणसं मात्र तीच होती.

द्रोण आणि द्रुपद यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून लिहायला सांगितलं असतं, तर दुसरं काय हाती आलं असतं?

वडाखालची रात्र

आता या साखळीतली सर्वांत काळी कडी, सौप्तिकपर्व. दुर्योधन मांडी मोडून पडला आहे. कौरवांकडून तिघेच उरले आहेत: अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा. रात्री ते एका वडाखाली थांबतात. दोघं झोपतात, अश्वत्थामा जागा. वर झाडावर एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना त्याला दिसतं, आणि त्याला युक्ती सुचते.

घुबडाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला त्यापेक्षा पुढचा संवाद महत्त्वाचा वाटतो. अश्वत्थामा दोघांना उठवतो आणि कृपाचार्य त्याला परोपरीने समजावतात: झोप घे, सकाळी लढू, धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांचा सल्ला घेऊ. अश्वत्थामा वेड्यासारखा ओरडत नाही, वाद घालतो. म्हणतो, दुःखाने होरपळलेल्याला झोप कुठली? धर्माचा सेतू तर त्यांनीच आधी शतखंड केला. माझ्या बापाला शस्त्र टाकल्यावर मारलं, भीष्मांना शिखंडीला पुढे करून पाडलं, कर्णाला रथाचं चाक रुतलेलं असताना मारलं, दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली. आणि मग: बापाच्या मारेकऱ्यांना झोपेत मारून पुढच्या जन्मी मी किडा झालो किंवा पतंग झालो, तरी चालेल.

हे वाक्य नीट पाहिलं पाहिजे. आपण करतोय ते पाप आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. शिक्षाही ठाऊक आहे. तरीही हेच करणं त्याला कर्तव्य वाटतं आहे. ॲलन फिस्के आणि तेज राय या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडलं की बहुतेक हिंसा नीतीचा बांध फुटल्यामुळे होत नाही. करणाऱ्याला ती नीतीचीच मागणी वाटते. बापाचं ऋण फेडायचं आहे, वचन पाळायचं आहे, तोल परत आणायचा आहे. त्यांचं म्हणणं सगळ्या हिंसेला लागू पडतं असं मला वाटत नाही. पैशासाठी पाडलेला मुडदा कोणत्या नीतीत बसवायचा? अश्वत्थाम्याला मात्र ते तंतोतंत लागू पडतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने याच्या शेजारचीच एक गोष्ट सांगितली, तिला ‘नैतिक अलिप्तता’ म्हणू. माणूस आपली नीती टाकून देत नाही, तिला काही वेळापुरतं बाजूला बसवतो. त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत: त्यांनी आधी सुरुवात केली, त्यांनी केलं त्यापुढे माझं काहीच नाही, जबाबदारी माझी नाही, ती माणसं म्हणण्याच्या लायकीची नाहीत. वडाखालच्या भाषणात यांतल्या पहिल्या दोन वाटा स्पष्ट आहेत. चौथी छावणीत दिसते. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्राने मार, म्हणजे मला चांगली गती मिळेल. अश्वत्थामा म्हणतो, आचार्यांना मारणाऱ्यांना कुठलीच गती नसते, आणि त्याला पशूसारखा तुडवतो. बांडुरा आणि सहकाऱ्यांच्या १९७५ च्या प्रयोगात विजेचे (खरे न बसणारे) झटके द्यायचे होते. समोरचा गट ‘जनावरांसारखा’ आहे असं नुसतं कानावर पडलं, तर लोक जास्त तीव्र झटके देत होते.

आणि समजावणारे कृपाचार्य? छावणीच्या दाराशी कृतवर्म्याबरोबर उभे राहून पळणाऱ्यांना कापणारे आणि छावणीला तीन ठिकाणी आग लावणारे तेच. विरोध नोंदवला आणि मागोमाग गेले. अश्वत्थाम्यापेक्षा हा माणूस मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो जास्त ओळखीचा आहे.

द्रौपदीची पाचही मुलं त्या रात्री गेली.

पुढे अश्वत्थाम्याने आपलं अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडलं, तेव्हा कृष्णाने त्याला तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप दिला. लोककथेने त्याला भाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अजून फिरत ठेवलं आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत यात्रा भरते, आदिवासी भाविक रात्रीचा डोंगर चढतात. तो तिथेच वावरतो अशी श्रद्धा आहे.

‘पण पांडवांची गोष्ट वेगळी, ते धर्मासाठी लढत होते’

हा आक्षेप येणारच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. १९६० च्या दशकात जॉर्ज टॅमरिन या मानसशास्त्रज्ञाने इस्रायलमधल्या हजारावर शाळकरी मुलांना बायबलमधली यरीहोची गोष्ट वाचायला दिली. त्यात यहुद्यांचा नेता यहोशवा याची सेना त्या नगरातल्या स्त्री-पुरुष-मुलांसह सर्वांना मारते. ६६ टक्के मुलांनी हे पूर्ण योग्य ठरवलं. दुसऱ्या एका गटाला तीच गोष्ट दिली, फक्त यहोशवाच्या जागी तीन हजार वर्षांपूर्वीचा एक चिनी सेनापती होता. आता योग्य म्हणणारे ७ टक्के उरले आणि ७५ टक्क्यांनी निषेध केला.

याला इस्रायलच्या मुलांचा दोष मानण्याची घाई करू नये. हाच प्रयोग आपण घरबसल्या करू शकतो. अनेकांनी मिळून एकट्या अभिमन्यूला मारलं हे ऐकताना आपला गळा दाटतो. चाक रुतलेल्या कर्णाच्या वेळी मात्र आपण ‘तेव्हा कुठे गेला होता राधासुता तुझा धर्म?’ म्हणून मोकळे होतो. नियम दोन्हीकडे मोडला. एकीकडे आपण फक्त मोडलेला नियम पाहतो आणि दुसरीकडे त्यामागचं कारण.

महाभारतकाराला मात्र हे दिसत होतं. ‘अश्वत्थामा मेला’ असं म्हणेपर्यंत युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, म्हटल्यावर तो खाली टेकला, हे ग्रंथातच लिहिलं आहे. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी प्रभासला यादव मद्य पिऊन बसले असताना पांडवांकडून लढलेला सात्यकी कृतवर्म्याला टोमणा मारतो: झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय! कृतवर्मा उलट भूरिश्रव्याच्या वधाची आठवण काढतो, ज्याला प्रायोपवेशनाला (प्राण सोडण्यासाठी अन्नपाणी टाकून) बसलेला असताना सात्यकीने मारलं होतं. दोघांना एकमेकांचंच आठवतं. त्या टोमण्यातून यादवांचा अंत होतो.

ज्याचा अपमान झाला तो शांत, पेटतो दुसराच

अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून वाचलेला गर्भ म्हणजे परीक्षित. तो राजा झाला. एकदा शिकारीत दमून-भागून त्याने मौनात बसलेल्या शमीक ऋषींना हरणाबद्दल विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून चिडून त्याने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला. शमीक हलले नाहीत, रागावलेही नाहीत.

त्यांचा मुलगा शृंगी तिथे नव्हता. त्याला कळलं ते कृश नावाच्या सवंगड्याकडून, तेही खिजवण्यातून: फार मिरवू नकोस, तुझा बाप खांद्यावर मढं घेऊन बसलाय. शृंगीने शाप दिला, सातव्या दिवशी तक्षक नाग राजाला दंश करेल. शमीकांनी मुलाला बोल लावला आणि राजाला सावध करायला शिष्य पाठवला. उपयोग झाला नाही.

इथेही पुन्हा पोरांचं हसणंच आहे. मानसशास्त्रात याला प्रातिनिधिक सूड म्हणता येईल: अपमान एकाचा, बदला दुसऱ्याचा, आणि पुष्कळदा मारला जाणारा तिसराच. यात एक विचित्र सोय असते. ज्याचा अपमान झाला तो माफ करू शकतो; त्याच्या वतीने रागावलेल्याला माफ करण्याचा अधिकारच नसतो, त्यामुळे त्याच्याकडे सूड एवढाच मार्ग उरतो.

परीक्षिताचा मुलगा जनमेजय बाप गेला तेव्हा लहान होता. मोठेपणी त्याला भडकवायला उत्तंक नावाचा ऋषी आला. तक्षकाने उत्तंकाची कुंडलं पळवली होती, म्हणजे त्याचा हिशेब स्वतःचा होता, बोलणं मात्र राजाच्या पित्याबद्दलचं. जनमेजयाने सर्पसत्र, म्हणजे सापांची आहुती देणारा यज्ञ, मांडलं. गुन्हा तक्षकाचा, आणि आगीत पडू लागले झाडून सगळे साप.

‘हे सगळं विधिलिखित होतं, मग माणसाचा काय दोष?’

सौप्तिकपर्वात शंकर अश्वत्थाम्याला खड्ग देतात आणि त्याच्या देहात प्रवेश करतात. मग मारलं कुणी? महाभारत दोन्ही गोष्टी एकत्र ठेवतं. देव अंगात आला होता हेही खरं, आणि शाप अश्वत्थाम्यालाच भोगायचा आहे हेही खरं. ‘देवाने करवून घेतलं’ ही सबब ग्रंथाला चालत नाही. आपल्याला का चालावी?

आणि हे फक्त आपल्याच ग्रंथांत आहे असंही नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाने केलेला पहिला खून भावाचा आहे: हाबेलचं अर्पण देवाने पसंत केलं, काइनचं केलं नाही. भाकरीवरून, जमिनीवरून भांडण झालेलं नाही; तुलनेत मागे पडल्याचा घाव आहे. तिथेच, काइनच्या वंशातला लामेख बायकांसमोर फुशारकी मारतो की काइनचा सूड सातपट असेल तर माझा सत्त्याहत्तरपट. बोटांचा प्रयोग पुन्हा आठवावा.

मग असे ग्रंथ मुलांच्या हाती द्यायचेच नाहीत का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बुशमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना बायबलच्या शास्ते या पुस्तकातला एक हिंसक प्रसंग वाचायला दिला. काहींच्या उताऱ्यात एक जादा वाक्य होतं: देवाने सूड घ्यायची आज्ञा दिली. नंतरच्या खेळात हे वाक्य वाचलेल्यांनी समोरच्याच्या कानात जास्त जोराचा आवाज सोडला. श्रद्धाळूंमध्ये परिणाम जास्त होता, पण श्रद्धा नसलेलेही सुटले नाहीत.

तेव्हा ‘गोष्टींनी काही होत नाही’ हे खरं नाही. पण त्या प्रयोगात काय दिलं होतं तेही पाहा: संदर्भातून उचललेला एक तुकडा आणि त्यावर देवाचा शिक्का. व्हॉट्सॲपवर ग्रंथ ज्या रूपात फिरतात ते नेमकं हेच रूप. अश्वत्थाम्याचा तुकडा तोडून फक्त ‘बापाचा बदला घेणारा पुत्र’ म्हणून पाठवला तर तो वीर वाटेल. पिठाच्या पाण्यापासून सर्पसत्रापर्यंत सांगितला, तर कोणत्या कडीला वीर म्हणायचं हेच ठरवता येत नाही. माझं मत असं की मुलांना कथा सांगाव्यात, आणि अख्ख्या सांगाव्यात.

सत्र थांबलं ते कसं?

आस्तीकाने थांबवलं. त्याची आई नागकन्या, वासुकीची बहीण, बाप ऋषी. म्हणजे जळणारे त्याच्या आजोळचे आणि जाळणारे ऋत्विज त्याच्या पित्याच्या जगातले. परीक्षित चुकला की तक्षक, या वादात तो पडलाच नाही. त्याने आधी यज्ञाची आणि राजाची भरभरून स्तुती केली. प्रसन्न होऊन जनमेजयाने वर देऊ केला आणि आस्तीकाने मागितलं, सत्र थांबव. राजा म्हणाला, सोनं घे, चांदी घे, गाई घे, हे एवढं मागू नकोस. आस्तीक हटला नाही. शेवटी मंडपात बसलेले सदस्य म्हणाले, ब्राह्मणाला वर मिळालाच पाहिजे.

व्यासांच्या आज्ञेवरून वैशंपायनांनी जनमेजयाला अख्खं महाभारत ऐकवलं ते याच सत्रात, कर्मांच्या मधल्या वेळांत. पणजोबांच्या पिढीत काय घडलं ते सगळं राजाच्या कानावर पडत होतं. तरी आदिपर्वात सत्र थांबतं ते त्याचं मन पालटल्यामुळे नव्हे. चारचौघांत दिलेला शब्द त्याला मागे घेता आला नाही, म्हणून थांबतं.